टोपी घातलेली पिल्लं आणि ३०२ चेतापेशींचा कृमी

गेल्या महिन्यात एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. ताप नाही, खोकला नाही. शाळेतल्या तपासणीत मुलाच्या उजव्या डोळ्याची नजर फारच कमी निघाली होती. नेत्रतज्ज्ञांनी 'लेझी आय' असं निदान करून चष्मा दिला होता आणि चांगल्या, म्हणजे डाव्या, डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला सांगितली होती. उपचार अगदी योग्य होता. पण बाईंच्या मनात एक प्रश्न राहून गेला होता आणि तिथल्या गर्दीत तो विचारता आला नव्हता.

"सर, डोळा चांगला आहे म्हणतात. पडदा चांगला, नस चांगली. मग त्याला दिसत का नाही?"

आणि मग खालच्या आवाजात दुसरा प्रश्न. हा तीन वर्षांचा असताना सासूबाईंनी म्हटलं होतं, पोर एका डोळ्याने बघतंय असं वाटतं. एका ठिकाणी दाखवलंही होतं. "मोठा झाला की आपोआप जाईल" असं उत्तर मिळालं. "तेव्हाच पट्टी लावली असती तर?"

ते उत्तर कोणी दिलं हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर नवीन प्रॅक्टिसच्या काळात असं उत्तर मीही कुणाला दिलं असेल. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत देण्यासारखं नाही, म्हणून आजचा हा लेख. त्या उत्तराची सुरुवात डोळ्यांच्या दवाखान्यात होत नाही. ती होते इंग्लंडमध्ये, कोंबडीच्या पिल्लांपासून.

डग्लस स्पॉल्डिंग हा १८४१ साली जन्मलेला गरीब घरचा माणूस. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनच्या बाजूला वाढला. छपरांवर पाटीच्या दगडाची कौलं बसवायचं काम करायचा. तिथल्या विद्यापीठात अलेक्झांडर बेन नावाचे प्राध्यापक होते, त्यांच्या कृपेने याला फी न भरता व्याख्यानं ऐकायला मिळाली. पुढे क्षयाने गाठलं. कॉखने क्षयाचा जंतू दाखवला १८८२ साली. स्पॉल्डिंग त्याच्या पाच वर्षं आधीच, छत्तिशीच्या आसपास गेला. मधल्या थोड्या वर्षांत त्याने जे करून ठेवलं, त्यासाठी मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

त्या काळी वाद असा होता: प्राणी जे करतो ते जन्मतः येतं की अनुभवाने? दोन्ही बाजूंचे विद्वान खुर्चीत बसून वाद घालत. स्पॉल्डिंगने अंडी घेतली. कवच फुटताना, पिल्लाने उजेड बघण्याच्या आधी, त्याच्या डोक्यावर छोटी टोपी चढवायची. डोळे झाकलेले, बाकी सगळं मोकळं. काही पिल्लांचे कान कागद चिकटवून बंद केले. मग एक, दोन, तीन दिवसांनी टोपी काढायची आणि बघत बसायचं.

टोपी काढल्यावर पिल्लं काही मिनिटांतच माशीचा माग घेऊ लागली, दाण्यावर नेमकी चोच मारू लागली. म्हणजे एवढं तरी जन्मतः येत होतं. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची निघाली. एक-दोन दिवसांची पिल्लं हलणाऱ्या कुठल्याही वस्तूच्या मागे धावत. कोंबडी असो, बदक असो, नाहीतर माणूस. स्पॉल्डिंग चालला की ती त्याच्या मागे. मात्र तीन पिल्लांची टोपी त्याने जवळजवळ चार दिवसांची होईपर्यंत काढलीच नाही. ती काढल्यावर पिल्लं त्याला बघून घाबरून दूर पळाली. पिल्लू तेच, माणूस तोच. एक दिवस आधी टोपी काढली असती तर ती जवळ आली असती, असं त्याने लिहून ठेवलं. आठ-दहा दिवस आईची हाक कानावर न पडलेलं पिल्लू नंतर ती हाक ऐकूनही न ऐकल्यासारखं वागतं, हेही त्याने नोंदवलं.

हा लेख फेब्रुवारी १८७३ मध्ये 'मॅकमिलन्स मॅगझीन'मध्ये छापून आला. पुढे स्पॉल्डिंग लॉर्ड ॲम्बर्ली यांच्या घरी मुलाचा शिक्षक म्हणून राहिला. या घरातला धाकटा मुलगा म्हणजे बर्ट्रांड रसेल. प्रयोगाच्या कोंबड्या दिवाणखान्यासकट सगळ्या घरभर धुडगूस घालत, असं रसेलने नंतर आत्मचरित्रात नोंदवलंय. स्पॉल्डिंग गेला आणि लोक त्याला विसरले. विल्यम जेम्सने आपल्या १८९० च्या ग्रंथात त्याचा दाखला दिला तेवढाच. शेवटी १९५४ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी तो जुना लेख शोधून पुन्हा छापून आणला. हेच हाल्डेन तीन वर्षांनी भारतात आले, इथले नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले.

मधल्या काळात श्रेय दुसरीकडे गेलं होतं. जर्मनीत ऑस्कर हाइनरोट यांनी १९११ मध्ये हंसाच्या पिल्लांबद्दल हेच लिहिलं आणि १९३५ मध्ये कॉनराड लॉरेन्झ यांनी त्याला 'प्रेगुंग' हे नाव दिलं. टाकसाळीत धातूवर ठसा उमटवून नाणं पाडतात, त्या क्रियेसाठीचा हा शब्द. लॉरेन्झच्या मागे ओळीने चालणाऱ्या हंसांच्या पिल्लांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. हे गृहस्थ १९३८ मध्ये नाझी पक्षाचे सभासद झाले होते, हेही सोबत सांगायला हवं. शब्द मात्र प्रभावी होता आणि त्याचा तोटाही झाला. नाण्यावरचा ठसा एकदा उमटला की पुसत नाही. 'वेळ गेली की संपलं' ही समजूत या उपमेतून आली आणि ती आजही आईबापांच्या मानगुटीवर बसलेली आहे.

पुढे एक रास्त शंका निघाली. पक्षी तसे हुशार. त्यांना मेंदू आहे, आई आहे. अळी, माशी असल्या जिवांत असं काही होतं का? केंब्रिजचे डब्ल्यू. एच. थॉर्प यांनी १९३९ मध्ये फळमाश्यांच्या अळ्या पेपरमिंट मिसळलेल्या खाद्यावर वाढवल्या. फळमाशीला हा वास एरवी आवडत नाही. पण या अळ्यांच्या माश्या झाल्या तेव्हा त्यांना तो खपू लागला. यावर टीकाकार म्हणाले, ही आठवण कशावरून? कोशाच्या सालीवर वासाचा अंश राहिला असेल आणि बाहेर पडताना माशीला तोच भेटला असेल. आक्षेप खरोखर बिनतोड होता आणि तो बरीच वर्षं टिकला. शेवटी २००८ मध्ये अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठात तंबाखूवर पोसणाऱ्या एका पतंगाच्या सुरवंटांना एक विशिष्ट वास आणि सोबत विजेचा हलका झटका दिला गेला. कोश धुऊन काढले, तरी पतंग झाल्यावर त्यांनी तो वास टाळला. मात्र हे जमलं ते शेवटच्या अवस्थेत शिकवलेल्या सुरवंटांना. त्याहून लहान असताना शिकवलेल्यांना पतंग झाल्यावर काही आठवलं नाही. कोशात शरीराची एवढी मोडतोड होते, तरी काही चेतापेशी ती आठवण पार नेतात आणि कोणत्या वयातली आठवण पार जाईल हेही ठरलेलं असतं.

माशांची गोष्ट यापेक्षा सरळ आहे. सामन मासा नदीत जन्मतो, समुद्रात जातो आणि अंडी घालायला बरोबर आपल्याच ओढ्यात परत येतो. आर्थर हॅस्लर हे विस्कॉन्सिनचे शास्त्रज्ञ, मूळचे यूटाचे. सुट्टीत गावाकडच्या डोंगरात फिरताना शेवाळ आणि रानफुलांचा वास आला आणि बालपणीच्या, कित्येक वर्षांत न आठवलेल्या गोष्टी एकदम डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात आलं, माशाचंही असंच होत असेल तर? त्यांनी आणि विझ्बी यांनी परतणाऱ्या माशांच्या नाकपुड्या कापसाने बंद करून पाहिल्या. ते मासे फाट्यावर चुकू लागले. मग १९७० च्या दशकात पक्का पुरावा आला. समुद्राकडे निघायच्या वयातल्या पिल्लांना एका गटात मॉर्फोलिन आणि दुसऱ्यात फेनिथिल अल्कोहोल या रसायनांचा अगदी सूक्ष्म वास देऊन मिशिगन सरोवरात सोडलं. दीड वर्षाने दोन वेगळ्या ओढ्यांत तीच दोन रसायनं थेंबाथेंबाने सोडली. पकडलेले बहुतेक मासे आपापल्या वासाच्या ओढ्यात होते. त्या ओढ्यात ते आधी कधी गेलेले नव्हते. विशेष म्हणजे वास ठसण्याच्या या वयात माशाच्या रक्तात थायरॉईडच्या हार्मोनची पातळी वाढलेली असते.

पण ठसा उमटतो कुठे? मासा, पक्षी यांच्या मेंदूत एक-एक पेशी शोधणं म्हणजे पंढरीच्या वारीत हरवलेलं पोर शोधणं. त्यासाठी मोजकेच वारकरी असलेली दिंडी हवी होती. ती सिडनी ब्रेनर यांनी निवडली. सी. एलिगन्स नावाचा सूत्रकृमी. डाळिंब लावणाऱ्या शेतकऱ्यांना सूत्रकृमी हा शब्द ऐकूनच धडकी भरते, पण हा त्याचा निरुपद्रवी भाऊबंद. लांबी एक मिलिमीटर. मातीत, कुजक्या फळांत राहतो आणि जिवाणू खातो. अंड्यापासून प्रौढ व्हायला सुमारे तीन दिवस, आयुष्य दोन-तीन आठवडे. प्रौढ उभयलिंगी कृमीत चेतापेशी नेमक्या ३०२, ना एक कमी ना एक जास्त. ब्रेनर यांच्या केंब्रिजच्या चमूने १९८६ मध्ये या पेशींची एकमेकींशी असलेली जोडणी नकाशासारखी छापली.

या एवढ्याशा जिवावर बालपणीचा ठसा उमटतो हे २००५ मध्ये रेमी आणि होबर्ट यांनी दाखवलं. अंड्यातून निघालेल्या कृमीच्या पहिल्या अवस्थेत भरपूर अन्नासोबत कडू बदामाच्या वासाच्या रसायनासारखा एखादा वास दिला, तर प्रौढपणी तो कृमी त्या वासाकडे जास्त ओढीने जातो. वास आला की अंडीही जास्त घालतो. 'इथे खायला मिळतं, संसार थाटायला हरकत नाही' असाच त्याचा हिशोब दिसतो. आणि हे सगळं चेतापेशींच्या एका जोडीवर अवलंबून! दोन पेशी.

पुढचा प्रयोग माझा सगळ्यात आवडता. २०१६, न्यूयॉर्कचं रॉकफेलर विद्यापीठ, कोरी बार्गमन यांची प्रयोगशाळा. त्यांनी नवजात कृमींना स्यूडोमोनास एरुजिनोसा या जंतूंवर ठेवलं. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला हे नाव विसरता येत नाही: तो हिरवट पू आणि तो गोडसर वास. हा जंतू कृमीलाही आजारी पाडतो. पहिल्या अवस्थेचे साधारण १२ तास ही ओळख झाली आणि नंतर त्यांना साध्या खाद्यावर वाढवलं, तर प्रौढपणीही ते त्या जंतूचा वास टाळतात. हाच धडा प्रौढ कृमीला दिला तर तोही शिकतो, पण एका दिवसात विसरतो. धडा एकच. लहानपणी मिळाला तर जन्मभर, मोठेपणी मिळाला तर उद्यापर्यंत.

मग त्यांनी एकेक पेशी बंद करून पाहिली. ठसा उमटताना काही पेशी लागतात, नंतर तो आठवताना वेगळ्याच. पत्र लिहिणारा एक आणि वाचणारा दुसरा. लिहिणाऱ्यांपैकी एक पेशी टायरामिन सोडते आणि ते टायरामिन नसेल तर बालपणीचा ठसा उमटत नाही. (काही जुन्या नैराश्यविरोधी गोळ्यांवर असलेल्या रुग्णांना आम्ही चीज खाऊ नका सांगतो, ते याच टायरामिनमुळे. निसर्ग एकच रसायन किती ठिकाणी वापरतो!)

आणखी एक प्रयोग थोडक्यात सांगतो, कारण तो घराघरातला आहे. कॅनडात कॅथरीन रँकिन यांच्या प्रयोगशाळेत काही कृमी एकेकटे वाढवले, काही घोळक्यात. खाणं दोघांनाही सारखंच. एकटे वाढलेले आकाराने लहान राहिले, वाढ मंदावली आणि बशीला टिचकी मारली तर त्यांचा प्रतिसादही कमी. उणीव कशाची? एकमेकांना लागणाऱ्या धक्क्यांची. बशा ठेवलेला डबा वाढीच्या वयात काही वेळा टेबलावर आपटला, एवढ्यानेही त्यातलं काही नुकसान भरून निघालं.

इथे मला थोडं विषयांतर करायचं आहे. 'पहिले हजार दिवस', 'मेंदूची खिडकी' असे शब्द हल्ली जाहिरातीत शिरले आहेत. गर्भसंस्काराच्या सीडी, सहा महिन्यांच्या बाळाला दाखवायची चित्रकार्डं, 'मेंदू तल्लख करणारी' खेळणी. अभिमन्यूने पोटात असताना चक्रव्यूहाची गोष्ट ऐकली, हा दाखला तर आपल्याकडे तयारच असतो. बाळ पोटात ऐकतं हे खरं आहे. नवजात बाळ परक्या बाईपेक्षा आईचा आवाज ओळखून पसंत करतं, हे १९८० मध्ये अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं. पण तो आवाज आईने रोज बोलता बोलता, भांडता भांडता त्याच्या कानावर घातलेला असतो. गिल्बर्ट गॉटलीब यांनी बदकाच्या पिल्लांचा आवाज अंड्यातच बंद केला, तेव्हा जन्मल्यावर त्यांना आपल्या जातीच्या आईची हाक आणि कोंबडीची हाक यांत नीट निवड करता आली नाही. अंड्यात बसून पिल्लू स्वतःचीच चिवचिव ऐकत असतं, आणि तेवढं पुरतं. उलट १९९० मध्ये लिक्लिटर यांनी लाव्याच्या जातीच्या पक्ष्याच्या अंड्याचा वरचा भाग उघडून पिल्लांना जन्माआधीच प्रकाश दाखवला. ती पिल्लं पुढे नुसत्या आईच्या हाकेला नेहमीसारखा प्रतिसाद देईनात. या दीडशे वर्षांच्या प्रयोगांत नुकसान झालेलं दिसतं ते रोजचं, साधं काही अडवल्यामुळे किंवा वेळेआधी लादल्यामुळे. जास्तीचं ओतून एखादा कृमी विद्वान झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. १९६३ मध्ये बोस्टनला डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांच्या एका डोळ्याची पापणी दोन-तीन महिने शिवून ठेवली. मग टाके काढले. डोळा ठणठणीत, पडदा ठणठणीत, पण मेंदूच्या दृष्टी-भागातल्या जवळजवळ सगळ्या पेशी आता फक्त दुसऱ्या डोळ्याचं ऐकत होत्या. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ झाकला तर काहीच बिघडलं नाही. प्रयोग वाचताना आजही पोटात कालवतं. पण जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाचं ऑपरेशन वर्षं न घालवता पहिल्या काही आठवड्यांत करतात, त्यामागे हाच शोध आहे. १९८१ चं नोबेल त्यासाठीच.

या मुलाच्या डोळ्याची पापणी कुणी शिवली नव्हती. त्या डोळ्याचा नंबर मोठा होता एवढंच. पण धूसर चित्र आणि स्वच्छ चित्र शेजारी आलं की वाढता मेंदू स्वच्छ घेतो, धुसराकडे दुर्लक्ष करायला शिकतो. डोळा चांगला, आणि तरी दिसत नाही, ते यामुळे. स्पॉल्डिंगने पिल्लांना घातली होती तशीच एक टोपी या मुलाच्या एका डोळ्यावर होती. फक्त ती कुणाला दिसत नव्हती.

"तेव्हाच पट्टी लावली असती तर?" लवकर लावली असती तर जास्त आणि लवकर फायदा झाला असता, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. खोटा धीर देण्यात अर्थ नसतो. पण लॉरेन्झच्या नाण्याची उपमा इथे चालत नाही, हेही सांगितलं. अमेरिकेतल्या ५०७ मुलांवरच्या अभ्यासात (२००५) सात ते बारा वयाच्या मुलांपैकी नुसत्या चष्म्यावर २५ टक्के सुधारली. चष्म्यासोबत पट्टी आणि डोळ्यांचे थेंब दिले तेव्हा ५३ टक्के. सुधारली म्हणजे तक्त्यावर निदान दोन ओळी जास्त वाचू लागली. आपल्याकडे पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'ने तर जन्मापासून मोतीबिंदूने अंध असलेल्या, कित्येक वर्षांनी ऑपरेशन झालेल्या मुलांना शोधून तपासलं. नजर पूर्ण येत नाही, पण कामापुरतं बघायला ही मुलं शिकतात. दार वयाबरोबर जड होत जातं, कुलूप मात्र सगळ्यांच्या बाबतीत लागत नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याच्या धाकट्या बहिणीला आत्ताच दाखवू का? ती अडीच वर्षांची आहे." मी म्हटलं, उद्याच दाखवा. इतक्या लहान मुलांची नजर तक्ता न वाचताही तपासता येते.

परवा तो मुलगा खोकला घेऊन आला होता. डाव्या डोळ्यावर पट्टी, पट्टीवर आईने स्केचपेनने काढलेला वाघ. शाळेत मुलं हसतात अशी तक्रार त्याने माझ्याकडे केली. पट्टी लावून मोबाइल बघायची परवानगी आहे का, हेही लगेच विचारलं. मी म्हटलं, त्यापेक्षा आजीला तांदूळ निवडून दे, एका डोळ्याने. तोंड वाकडं केलं पण हो म्हणाला. नेत्रतज्ज्ञांकडे पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत आहे.